सात गुंठे, सावनीची झाडे आणि वहिनीची सही

झाडाने एकदा मूळ धरले की ते जमिनीचे होते, की लावणाऱ्याचे राहते? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही, हे सुरुवातीलाच मान्य करते. आमच्या वकीलबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "कायद्याने झाड जमिनीबरोबर जातं."

"आणि कायदा सोडून?"

"कायदा सोडून विचारायचं असेल, तर माझ्याकडे कशाला आलीस?"

म्हणून जे मला नक्की ठाऊक आहे, तेवढेच खाली लिहिते.

मी, मंदाकिनी सोनबा काळोखे, वय वर्षे सव्वीस, शिक्षण बी.एस्सी. (वनस्पतिशास्त्र), व्यवसाय रोपवाटिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण आमच्या घरात याविषयी गेले दोन महिने दुमत आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. दबाव होता, पण तो दुसऱ्याच एका कागदासाठी होता. ती हकीकत पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले आहे असे सांगत कुणी एखादा कागद पुढे आणलाच, तर त्यावरची सही नीट पाहावी. मी 'काळोखे' मधला 'ळ' नेहमी गाठ मारल्यासारखा काढते.

कलम पहिले. माझे काय आहे.

आळंदी रस्त्याला लागून विश्रांतवाडीत आमचे एकवीस गुंठे रान आहे. रान म्हणायचे ते सवयीने; आता तिन्ही बाजूंना इमारती आहेत. माझे वडील सोनबा काळोखे यांनी तिथे मेथी, वांगी आणि कोथिंबीर काढून ती आयुष्यभर मंडईत नेली. १९९९ साली ते वारले. त्यांच्यामागे सातबाऱ्यावर तीन नावे लागली: आई मथुराबाई, माझा थोरला भाऊ जयसिंग, ज्याला मी दादा म्हणते, आणि मी. वडिलांनी हयातीतच हद्दीचे दगड रोवून प्रत्येकाचे सात गुंठे दाखवून ठेवले होते. रस्त्याकडचे सात माझे, कारण माझी रोपवाटिका तेव्हाच तिथे उभी होती आणि गिऱ्हाइकाला झाड रस्त्यावरून दिसावे लागते. आईने तिचे सात गुंठे गेल्या वर्षी दादाच्या नावे केले. तो तिचा निर्णय.

जमिनीशिवाय माझे असे: सावनीची अकरा मोठी झाडे, जी मी विकत नाही, फक्त त्यांच्या काड्या घेते, पिशव्यांमधली चारेकशे रोपे, एक लुना, दोन बांगड्या, बँकेतले एक खाते, आणि पुस्तके, बहुतेक बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतली.

सावनी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आपले ताम्हण असते ना, त्याची ही धाकटी बहीण. पाकळ्या कुरळ्या, जणू पातळ कागद चुरगळून उलगडलेला. उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत फुलते. खोड गुळगुळीत, साल सुटून आतला दालचिनी रंग दिसतो. थंडीत पाने झडतात आणि माणसांना वाटते झाड मेले. ते मेलेले नसते. आत्ता, हे लिहिताना, माझी अकराही झाडे उघडीबोडकी उभी आहेत.

कलम दुसरे. सव्विसाव्या वर्षी मृत्युपत्र का.

डिसेंबरात आळंदी रस्त्यावर एका ट्रकने माझ्या लुनाला घासले. मागे बारा रोपे बांधलेली होती, ती सगळी वाचली. माझा डावा हात मोडला. दुसऱ्या दिवशी दादा दवाखान्यात आला, मोसंबी आणि एक लांब पाकीट घेऊन. उजवा हात मोकळा होता, सही करता येत होती, त्यामुळे त्याला ही वेळ योग्य वाटली असावी.

"मंदे, लई लागलं का गं?"

"हात मोडलाय."

"डावा ना? बरं झालं. इथं एक सही कर."

"कसला कागद आहे?"

"घरचाच हाय."

"घरचा कागद स्टॅम्पवर?"

"हक्कसोड हाय. सगळ्याच बहिणी करतात. शकूआत्यानं नाही केली? तुझ्या वहिनीनं पैठणी पण आणून ठेवलीय तुला. मोराची."

"वाचून सांगते."

"वाचायचं काय त्यात? शिकलीस म्हणून दिसंल तो कागद परीक्षेचा पेपर वाटतोय तुला."

मी वाचला. माझ्या सात गुंठ्यांवरचा हक्क मी भावाच्या प्रेमापोटी, राजीखुशीने, काहीही न घेता सोडत आहे, असे त्यात माझ्या तोंडी घातले होते. दादा एका बिल्डरला सगळे एकवीस गुंठे देणार आहे. मागचे चौदा त्याच्या ताब्यात आहेत; पण माझ्या सात गुंठ्यांशिवाय त्यांना रस्त्यावर तोंड नाही.

आमच्याकडे रीत अशी आहे की बहिणीने हिस्सा सोडायचा आणि भावाने साडी नेसवायची. सोडला नाही तर माहेर तुटते. शकूआत्या म्हणजे वडिलांची बहीण. तिने एकोणिसाव्या वर्षी अंगठा दिला. मी तिला एकदा विचारले होते, "आत्या, तुला काय मिळालं?" ती म्हणाली, "हिरवं लुगडं. पहिल्या धुण्यातच रंग गेला बघ." तिने हिस्सा सोडला होता, तरी वडील गेल्यापासून तिला दिवाळीचे बोलावणे गेलेले नाही. मग माहेर नेमके कशाने टिकते, हे मला कुणी समजावून सांगितलेले नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर मी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सांगितले, की लग्न न झालेली मुलगी मृत्युपत्र न करता गेली, तर वडिलांकडून आलेली तिची मालमत्ता पुन्हा वडिलांच्या वारसांकडेच जाते. म्हणजे तो ट्रक वीतभर आत असता, तर दादाला माझ्या सहीची गरजच उरली नसती. दादाने असे काही मनात आणले असेल, असे मी म्हणत नाही. तो तसा नाही. पण जी गोष्ट मी जिवंतपणी नाकारली, ती माझ्या मरणाने आपोआप होऊ नये, एवढी व्यवस्था मला करायची आहे. ही ती व्यवस्था.

कलम तिसरे. जमीन.

माझे रस्त्याकडचे सात गुंठे माझ्यामागे माझी भावजय सौ. विजयमाला जयसिंग काळोखे हिला मिळावेत. पूर्ण मालकीने, तिच्या एकटीच्या नावावर. 'जयसिंग यांचे कुटुंब' म्हणून नव्हे, 'अज्ञान मुलांची पालक' म्हणून नव्हे. ती जमीन विकायची, ठेवायची, की कुणाला द्यायची, ते तिच्या सहीने ठरेल.

हे वाचून पुष्कळ जण म्हणतील, की फिरून घरातच गेली की जमीन. त्यांनी हेही लक्षात घ्यावे, की ज्याला एका बाईच्या सहीची वाट पाहणे अपमानाचे वाटले, त्याला आता रोज जिच्या हातची भाकरी खातो, तिच्या सहीची वाट पाहावी लागेल.

मी वहिनीला विचारल्याशिवाय हे लिहिलेले नाही. दुपारी ती धान्य निवडत होती, तेव्हा सांगितले. तिने सूप खाली ठेवले.

"वन्सं, मला कशाला गुतवताय यात? मला घराभायेर काढतील."

"मी जिवंत असेपर्यंत तुला काहीच करायचं नाही वहिनी. मी काही उद्या मरत नाहीये."

"मरायचं बोलू नका, तिन्हीसांजेला बोललेलं खरं हुतंय." तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

"नको असेल तर नाव काढते."

तिने सूप परत मांडीवर घेतले आणि खडे वेचू लागली. मग म्हणाली, "तुमच्या झाडांना मीच पाणी घातलंय की दोन महिनं, तुमचा हात गळ्यात होता तवा. रोज वीस घागरी. यांनी इचारलं, कशाला घालतीस, तोडायचीच हायती. मी म्हनलं, तोडायची तवा तोडा, आज तहानल्यात." आणि थोड्या वेळाने, "नाव नीट लिवा माझं. विजयमाला. लगीन झाल्यापास्नं या घरात कुणी अख्खं घेतलं न्हाई."

वर अख्खे लिहिले आहे.

कलम चौथे. झाडे.

सावनीची अकरा मोठी झाडे, सगळी रोपे, आणि 'सावनी रोपवाटिका' हे नाव परवीन कादर शेख हिला द्यावे. परवीन माझी भागीदार आहे. तिचे वडील कादरचाचा यांनी चाळीस वर्षे कॅम्पातल्या एका बंगल्याची बाग सांभाळली. कॉलेजात मी झाडाच्या पेशी शिकले. काडी कशी लावायची ते त्यांनी शिकवले. जानेवारीत पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी, वीतभर लांब, खालचा काप फुटीच्या डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका. मी पहिल्या वर्षी लावलेल्या शंभर काड्यांपैकी नऊ जगल्या. चाचा म्हणाले, "बेटा, तू रोज उपटून बघतेस ना मुळं आली का?" मी बघत होते.

ही झाडे परवीनलाच का, याचे कारण माझी एक चूक आहे, आणि ती इथे लिहिली नाही तर हे मृत्युपत्र खोटे ठरेल.

आमच्याकडे पांढऱ्या सावनीची दोन झाडे आहेत. १९९८ साली पांढरीला इतकी मागणी आली, की काड्या पुरेनात. वडील म्हणाले, बी धर. शेतकऱ्याला हे कोण शिकवणार? बाजरीचे भरलेले कणीस बियाण्याला राखायचे, तसेच त्यांनी पांढऱ्या झाडाच्या शेंगा राखल्या. पांढरीच्या पोटी पांढरीच येणार, यात त्यांना शंका नव्हती. मला होती. बियांपासून केलेल्या सावनीचा रंग आईवर जाईलच असे नाही. खात्री हवी तर काडीच लावावी लागते. या प्रश्नाला परीक्षेत मला पूर्ण गुण मिळाले होते. पण वडील इतक्या हौसेने मातीत बी टाकत होते, की मी गप्प राहिले. त्यांना दुखवायचे नाही म्हणून मी चौदा घरांना दुखावले. दोन वर्षांनी रोपे फुलली, तेव्हा वडील नव्हते. विकलेल्या पंचवीसपैकी अकरा गुलाबी निघाली आणि तीन जांभळट.

निवृत्त मुख्याध्यापिका आनंदीबाई बापट यांच्या बंगल्यापुढचेही त्यांत होते. त्यांनी मला निरोप पाठवून बोलावले, खुर्ची दिली नाही आणि म्हणाल्या, "पांढरं म्हणून दिलंत. गुलाबी निघालं. आता मी काय फुलांना चुना लावू?"

परवीन माझ्यासोबत होती. मी माती, पाणी, हवामान असे काहीतरी सांगू लागले. परवीनने मला थांबवले आणि सरळ म्हणाली, "बाई, चूक आमची आहे. बियांचं झाड दिलं तुम्हाला. बदलून देतो." आनंदीबाई म्हणाल्या, "बसा." मग चहा आला.

त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक रोप पिशवीतच एकदा फुलवून, गिऱ्हाइकाला रंग डोळ्यांनी दाखवून मगच विकतो. धंद्याला हे परवडत नाही असे दादाचे म्हणणे आहे. माझ्या चुकीच्या वेळी जी खरे बोलली, तिच्याच हाती झाडे सुरक्षित आहेत. चौदापैकी पाच घरांना अजून पांढरे रोप पोहोचलेले नाही. त्यांची नावे रोपवाटिकेच्या भिंतीवर खडूने लिहिलेली आहेत. मी असो वा नसो, ती रोपे द्यावीत आणि मगच भिंत पुसावी.

परवीन रोपवाटिका चालवेल तोवर वहिनीने तिला जागेवरून उठवू नये. वकीलबाईंच्या मते पूर्ण मालकी दिल्यावर अशी अट टिकत नाही. म्हणून ही अट नाही, मागणे आहे. त्या दोघी एकमेकींना भेटल्या आहेत आणि माझ्याविषयी काहीतरी बोलून हसत होत्या, एवढे मी पाहिले आहे.

कलम पाचवे. छाटणी. हे कलम सर्वांना लागू आहे.

दोन वर्षांपूर्वी मी तीन दिवस प्रदर्शनाला गेले होते. परत आले तर पुढच्या रांगेतली चार झाडे छातीच्या उंचीवर सपाट कापलेली. बिल्डर जागा पाहायला येणार होता, म्हणून दादाने कोयता चालवला होता. "किती ओरडतीस? केसं वाढत्यात तशी वाढतील," तो म्हणाला. वाढली. कापल्या जागी मुठी धरल्यासारख्या गाठी आल्या आणि प्रत्येक गाठीतून वीस-वीस किरकोळ फांद्या. जूनमध्ये त्यांना फुलेही आली. पण फांद्यांना ती पेलवेनात. पहिल्या सरीत सगळे घोस चिखलात लोळले. ती झाडे सावरायला मला दोन हिवाळे लागले.

हे एकट्या दादाचे नाही. या शहरात जानेवारी आला की सोसायट्यांचे माळी सावनीची डोकी उडवत सुटतात, आणि आतली सुशिक्षित माणसे गॅलरीतून पाहत म्हणतात, आता छान फुटेल. म्हणून लिहून ठेवते. सावनीला नव्या फांदीवर फूल येते, हे खरे. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. मेलेली, आत वळलेली, दुसरीला घासणारी फांदी काढावी. बुंध्यातून निघालेले फुटवे काढावेत. बस. चाचांचा नियम असा, की आधी झाडाभोवती एक चक्कर मारायची, मग कात्री बाहेर काढायची. आणि झाड खिडकीवर चढते, तारेला लागते, म्हणून कापावे लागत असेल, तर चूक झाडाची नाही, निवडीची आहे. खिडकीखाली बुटकी जात लावावी, कमरेएवढीच राहणारी. फाटकापाशी मधली, माणसाच्या डोक्याहून थोडी उंच. मोठी लावायची तर तिला कोपरा मोकळा द्यावा, भिंतीपासून निदान आठ फूट. दिवसाचे सहा तास ऊन नसेल, तर सावनी लावूच नये. सावलीत तिच्या पानांवर भुरी चढते आणि फुले येत नाहीत. घर बघून झाड निवडा, म्हणजे झाड कापून ते घराच्या मापात बसवावे लागणार नाही. मला स्वतःला कुणीतरी सतत मापात बसवू पाहते आहे, म्हणून मला याचा जरा जास्त राग येतो, हे मी लपवत नाही.

माझ्या अकरांपैकी कोणतेही झाड माझ्यामागे कुणी वरून सपाट कापले, तर त्याला माझ्या दिवसकार्याला बोलावू नये.

कलम सहावे. किरकोळ.

दोन बांगड्या आईला. त्या तिनेच केल्या होत्या, माझ्या लग्नासाठी. खात्यातली शिल्लक परवीनला, झाडांच्या पाण्याच्या सोयीसाठी. पुस्तकेही तिलाच, इंग्रजी वाचायचा तिला कंटाळा आहे, तो तिने सोडावा. छाटणीची कात्री आणि छोटी करवत कादरचाचांना, त्यांचीच होती. लुना कुणालाही देऊ नये. तिचे ब्रेक लागत नाहीत.

कलम सातवे. दादा.

माझा भाऊ जयसिंग याने नववीत शाळा सोडली, कारण वडिलांना मंडईला माल न्यायला माणूस हवा होता. मी अकरावीला गेले तेव्हा तोच मला सायकलवर पुढे बसवून शिवाजीनगरपर्यंत सोडायचा आणि मित्रांना सांगायचा, "बहीण सायन्सला हाय." पदवीचा कागद घरी आला, तेव्हा वडिलांनी तो देवांशेजारी लावला, खिळा दादाने ठोकला. घरात पहिली पदवीधर मी झाले, त्यात त्याचा वाटा आहे. तो वाटा मी कधी नाकारला नाही. त्याने माझा नाकारू नये.

त्याने देऊ केलेली मोराची पैठणी मी घडी न मोडता परत केली आहे. त्याला माझ्याकडून पांढऱ्या सावनीचे एक रोप मिळावे, काडीपासून केलेले. कुठे लावायचे ते त्याने ठरवावे.

कलम आठवे. माझे शरीर.

डोळे दान करावेत. फॉर्म भरलेला आहे. बाकी दहन विद्युतदाहिनीत करावे. माझ्या स्मरणार्थ झाड लावू नये. लावलेल्यांना पाणी घालावे.

कलम नववे. या कागदाविषयी.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचे असते, असे सगळे म्हणतात. या मृत्युपत्राची एक प्रत मी दादाला आजच देणार आहे. माझ्या जगण्याने त्याची अडचण सुटणार नाही आणि मरण्यानेही सुटणार नाही, हे त्याला स्वच्छ कळावे. म्हणजे तो ट्रककडे किंवा माझ्या लग्नाकडे डोळे लावून बसणार नाही. मग एकच रस्ता उरेल: माझ्यासमोर बसून बोलायचे. त्याला मी तयार आहे. बिल्डरशिवाय बोलावे.

मागच्या रविवारी तो शेवटचे विचारायला आला होता.

"सही करतीस का न्हाई, एकच सांग."

"नाही."

"मग या घराचा उंबरा वलांडायचा न्हाई. माहेर संपलं तुझं."

"अजून लग्न कुठं झालंय दादा? माहेर काय, हे माझं घर आहे."

"घर माझ्या नावावर हाय."

ते खरे होते. आई भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही. एवढेच म्हणाली, "दोघंबी जेवून घ्या आधी."

आम्ही जेवलो. मग मी उठून माझे ताट घासून ठेवले.

वरील मजकूर मी वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले, आणि मी त्यांना सही करताना पाहिले. दोघांनाही या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

सही: मंदाकिनी सोनबा काळोखे

साक्षीदार पहिले: डॉ. नियाज बागवान, विश्रांतवाडी. (माझा हात यांनीच जोडला.)

साक्षीदार दुसऱ्या: आनंदी गोविंद बापट, निवृत्त मुख्याध्यापिका. (यांनी सहीआधी सगळा मजकूर तपासला आणि चार ठिकाणी स्वल्पविराम घातले.)

दिनांक: १३ फेब्रुवारी २००३, गुरुवार

स्थळ: सावनी रोपवाटिका, आळंदी रस्ता, विश्रांतवाडी, पुणे. दादाने मला घराबाहेर काढण्याआधी, सोमवारी सकाळी, मी माझी पेटी आणि अंथरूण घेऊन माझ्या सात गुंठ्यांतल्या पत्र्याच्या खोलीत राहायला आले आहे. टपाल याच पत्त्यावर पाठवावे.